मल्टिमीडिया रिट्रीव्हलमध्ये पीएचडीची जागा कशी मिळवायची? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पोरापोरींसाठी

मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग बेळगावात पीयूसी, बीई, एमटेक, आणि आता युरोपातल्या एका युनिव्हर्सिटीत पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. दर महिन्याला गावाकडून कुणाचा तरी फोन येतो, कुणाची भाची, कुणाच्या शेजारचा पोरगा, आणि प्रश्न एकच, "ताई, ॲडमिशन कसं घेतलीस?" प्रत्येकाला तेच तेच सांगून माझा घसा बसला म्हणून एकदाचं लिहूनच काढते. मी स्वतः यातल्या निम्म्या चुका केल्यात, अकरा ठिकाणी नकार खाल्लेत, त्यामुळं खड्डे कुठं कुठं आहेत ते मला चांगलं माहिती आहे.

१) आधी हा विषय नक्की काय आहे ते बघा

तुमच्या आईच्या फोनमध्ये आठ हजार फोटो आहेत आणि तिला सौंदत्तीच्या डोंगरावर आजी हसतेय तो एकच फोटो पाहिजे. तारीख आठवत नाही, फाईलचं नाव म्हणजे नुसते आकडे. तो फोटो शोधून देणं म्हणजे मल्टिमीडिया रिट्रीव्हल. फोटो, व्हिडिओ, आवाज, गाणं यांच्या आत काय आहे त्यावरून शोधायचं, नावावरून नाही.

१९९० च्या दशकात लोक रंग, पोत, आकार मोजून चित्रं शोधायचे. मशीनला दिसतात आकडे आणि माणसाला पाहिजे असते आजी, या मधल्या फटीला 'सिमेंटिक गॅप' म्हणतात, हा शब्द तुम्हाला जिथं तिथं भेटणार. २०२१ मध्ये ओपनएआयचं क्लिप नावाचं मॉडेल आलं, इंटरनेटवरच्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकवलेलं, आणि वाक्य टाईप करून चित्र शोधणं एकदम सोपं झालं. सोपं झालं म्हणजे संपलं नाही, उलट प्रश्न बदलले.

यात पोटविषय भरपूर आहेत. व्हिडिओमधला नेमका क्षण शोधणं, अंगावर कॅमेरा लावून टिपलेल्या रोजच्या आयुष्यात शोधणं (याला लाईफलॉग म्हणतात), आणि संगीत. संगीताकडं कान असेल तर सोडू नका बरं का. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या सुळेभावीचा, धारवाड तर शेजारीच, आणि राग-बंदिश मशीनला ओळखता येते का यावर बार्सिलोनातल्या एका युनिव्हर्सिटीनं 'कॉम्पम्युझिक' नावाचा मोठा प्रोजेक्ट चालवला होता. संगीत शोधणाऱ्यांची जागतिक परिषद इस्मिर २०२२ मध्ये बेंगळुरूला भरली होती. आपल्या दारात, आणि मला पत्ता नव्हता.

"मला एआयमध्ये पीएचडी करायची आहे" असं कुणाला लिहू नका. ते म्हणजे बाजारात जाऊन "मला भाजी द्या" म्हटल्यासारखं आहे.

२) ही ॲडमिशन नाही, नोकरी आहे

ही एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर माझं एक वर्ष वाचलं असतं. आपल्याकडं पीएचडी म्हटलं की एन्ट्रन्स, मग गाईड शोधा, मग फी भरा. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी इथं बहुतेक वेळा युनिव्हर्सिटी जागेची जाहिरात काढते, अमुक प्रोजेक्ट, अमुक प्रोफेसर, इतकी वर्षं, इतका पगार. नेदरलँड्समध्ये साधारण चार वर्षं, डेन्मार्कमध्ये तीन, नॉर्वेत तीन किंवा शिकवण्याचं काम धरून चार. जर्मनीत सरकारी पगारश्रेणी असते, पण जाहिरातीत किती टक्के जागा आहे ते बघा, ६५ टक्के म्हटलं तर पगारही तेवढाच.

म्हणजे तुम्ही विद्यार्थी म्हणून हात जोडून उभं राहायचं नाही, उमेदवार म्हणून अर्ज करायचा. फी नाही, सीट नाही, डोनेशन तर नाहीच. बेळगावात एका कन्सल्टंटनं मला "युरोप पीएचडी सीट कन्फर्म" म्हणून दीड लाख सांगितले होते, मी वडिलांना घेऊन गेले होते आणि वडील खिशातून चेकबुक काढायच्या बेतात होते. अशा ठिकाणाहून सरळ उठून या.

इंग्लंडचं वेगळं आहे. तिथं स्टुडंटशिप असते आणि बऱ्याचदा ती फक्त 'होम फी' भरते, परदेशी माणसाची वरची फी तुमच्या गळ्यात. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

आणि बाहेरच जायला पाहिजे असं काही नाही. धारवाडला आयआयटी आहे, ट्रिपल आयटी पण आहे, बसनं दीड-दोन तास. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत चित्र-व्हिडिओवर जुनं, चांगलं काम आहे. नेट-जेआरएफ असेल तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप आहे, वर घरभाडं वेगळं. ती वाट धरणाऱ्यांना खालचं ४ आणि ५ तसंच लागू आहे.

३) जाहिरात शोधणं आणि वाचणं

युरोपभरच्या जागांसाठी युरॅक्सेस, नेदरलँड्ससाठी ॲकॅडेमिक ट्रान्सफर. याशिवाय या विषयातल्या परिषदांची नावं पाठ करा: एसीएम मल्टिमीडिया, आयसीएमआर (मल्टिमीडिया रिट्रीव्हलची परिषद, औषधवाली संस्था नव्हे), एमएमएम, सीबीएमआय, इस्मिर. तिथं कोण पेपर लिहितंय ते बघा आणि त्या ग्रुपच्या पानावर दर पंधरा दिवसांनी चक्कर टाका, कारण काही जागा आधी तिथंच दिसतात.

जाहिरातीत 'असलंच पाहिजे' आणि 'असलं तर बरं' हे दोन भाग वेगळे असतात. पहिल्यात बसत असाल तर अर्ज करा. दुसऱ्यातलं सगळं येत नाही म्हणून मी दोन चांगल्या जागा सोडल्या, आणि नंतर कळलं की निवड झालेल्या पोरालाही त्यातलं निम्मं येत नव्हतं. मास्टर्स मात्र बहुतेक ठिकाणी पाहिजेच, नुसत्या बीईवर जास्त आशा ठेवू नका.

'मेरी क्युरी डॉक्टोरल नेटवर्क' (युरोपियन युनियनच्या पैशावर चालणाऱ्या पीएचडीच्या जागा) असं लिहिलेलं दिसलं तर ती जागा आपल्यासारख्यांना फार सोयीची. नियम असा आहे की भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. आपण खानापुरात राहिलो, प्रश्नच मिटला!

४) स्वतःचं एक छोटं सर्च इंजिन बनवा

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला. मार्क्स सगळ्यांकडं असतात, सर्टिफिकेट तर पोत्यानं. पण "मी हे बनवलं, इथं ते फसलं, का फसलं ते हे असं" हे फार थोड्यांकडं असतं.

लागणारं सामान: साधा लॅपटॉप, पायथॉन, मॉडेल चालवायला पायटॉर्च, व्हिडिओ कापायला एफएफएमपेग, शोधायला फेस (FAISS) ही लायब्ररी, आणि जीपीयू (मॉडेल वेगानं चालवणारी चिप) नसेल तर गुगल कोलॅब (गुगलचा इंटरनेटवरून वापरायचा कॉम्प्युटर). घाबरण्यासारखं काही नाही. क्लिपचं छोटं मॉडेल एका फोटोचे ५१२ आकडे बनवतं, एक आकडा चार बाईटचा, म्हणजे दहा हजार फोटोंचा सगळा हिशोब २० एमबीत बसतो. आपल्या व्हॉट्सॲपवरचे गुड मॉर्निंग यापेक्षा जास्त जागा खातात.

मी काय केलं ते सांगते. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधून तीनेक हजार फोटो आणि शंभरेक व्हिडिओ गोळा केले. व्हिडिओतून दर दोन सेकंदाला एक चित्र काढलं. सगळ्याचे आकडे बनवले, वर एक साधी शोधपट्टी. पहिला शोध टाकला इंग्लिशमधून, पिवळी साडी नेसलेली बाई हार घालताना. चुलत बहिणीच्या लग्नाचा फोटो यायला पाहिजे होता. पहिल्या नंबरवर आला आमच्या काकांचा जेसीबी, खंडेनवमीला झेंडूच्या माळा घालून, बॉनेटवर कुंकू लावून उभा केलेला. घरात सगळे पोट धरून हसले, काका सोडून. पण मी नंतर दोन दिवस त्या फोटोपाशी बसले. पिवळा रंग, माळ, आजूबाजूला बायका, सगळं जुळतंय की! मॉडेलला 'कोण काय घालतंय' हे नातं नीट कळत नाही, वस्तू तेवढ्या कळतात. हीच गोष्ट संशोधनात गंभीरपणे अभ्यासतात हे मला महिनाभरानं पेपर वाचताना कळलं.

मग तेच वाक्य मराठीतून टाकलं तर उत्तरं अजूनच भलती. मूळ क्लिप मुख्यतः इंग्लिशवर शिकलेलं आहे. बहुभाषिक मॉडेल वापरलं तेव्हा सुधारलं, पण 'हळदीकुंकू' म्हटलं की हळदीचा ढीगच दाखवायचं, बायका नाहीत. आवाजाचं तर विचारूच नका. व्हिस्परला (बोललेलं ऐकून लिहून देणारं मॉडेल) आजीचा एक व्हिडिओ दिला, बाजारातला, अर्धं वाक्य मराठी, अर्धं कन्नड, मध्येच भाजीवालीचा आवाज. जे लिहून आलं ते ना मराठी, ना कन्नड, धड हिंदी पण नाही. आपल्याकडं माणसं एका वाक्यात दोन भाषा बोलतात हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की यात संशोधनाचा विषय आहे हे सुचतच नाही. तो विषय तुमच्या घरात आहे, फुकट.

आता महत्त्वाचं, मोजा. "छान चालतंय" याला कुणी विचारत नाही. मी चाळीस प्रश्न लिहून काढले, प्रत्येकाला बरोबर उत्तरं कोणती ते बहिणीकडून आणि दोन आतेभावांकडून ठरवून घेतलं. मग दोन गोष्टी: दाखवलेल्या पहिल्या दहात बरोबर किती (प्रिसिजन), आणि असलेल्या सगळ्या बरोबरमधले सापडले किती (रिकॉल). आतेभावांचं आपसात जमेना, एकाच फोटोला एक 'यात्रा' म्हणे, एक 'जेवणावळ'. ते भांडणही लिहून ठेवा, मुलाखतीत कामाला येतं.

एक सावधगिरी. घरच्यांचे फोटो गिटहबवर (कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायची वेबसाईट) चढवू नका. कोड टाका, आकडे टाका, फोटो नको. युरोपात खासगी माहितीचे नियम कडक आहेत आणि समोरचा प्रोफेसर पहिलं तेच बघतो. दाखवायला उघडा डेटासेट वापरा, उदाहरणार्थ व्ही३सी, त्याच्या पहिल्या भागात ७,४७५ व्हिडिओ, साधारण १,००० तास. सगळा उतरवायला जाऊ नका, डेटा पॅक रडेल, थोडा तुकडा घ्या.

५) पेपर वाचणं, आणि स्पर्धा बघणं

पन्नास पेपर वाचू नका, सहा वाचा आणि त्यातला एक स्वतः चालवून बघा. त्याहून भारी म्हणजे स्पर्धा बघा. २०१२ पासून व्हिडिओ ब्राउझर शोडाऊन नावाची स्पर्धा होते, एका हॉलमध्ये टीम बसतात, पडद्यावर व्हिडिओचा एक छोटा तुकडा दाखवतात आणि काही मिनिटांत हजारो व्हिडिओतून तीच जागा शोधायची, घड्याळ चालू. अगदी बैलगाडा शर्यतीसारखं वातावरण. लाईफलॉगवाल्यांची अशीच स्पर्धा २०१८ पासून आहे. अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं ट्रेकव्हिड, म्हणजे व्हिडिओ शोधण्याची चाचणी, २००१ पासून चालू आहे. आपल्याकडं फायर आहे, भारतीय भाषांतल्या शोधासाठी असाच मंच, २००८ पासून, तिथं मराठी मजकुरावरही शोधाचं काम झालंय. या स्पर्धांमध्ये भाग घेणारे ग्रुप म्हणजेच तुमची अर्जाची यादी, वेगळी यादी करायला नको.

६) कागदपत्रं: इथं सीमाभागातली पोरं अडकतात

यादी अशी:
- पासपोर्ट
- दहावी, पीयूसी, बीई, एमटेकची मार्क्स कार्डं आणि डिग्री सर्टिफिकेट
- ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या विषयांचा आणि मार्कांचा एकत्र अधिकृत उतारा)
- इंग्लिशचा पुरावा (आयईएलटीएस किंवा टोफेल, काही ठिकाणी कॉलेजचं 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन' पत्र चालतं)
- एमटेकचा प्रबंध, निदान सारांश
- दोन किंवा तीन शिफारस देणाऱ्यांची नावं आणि मेल
- जन्मदाखला (अर्जाला नाही, नंतर व्हिसा-नोंदणीला लागू शकतो)

आता खरी गंमत. नाव! आपल्या एसएसएलसी कार्डावर कर्नाटक पद्धतीनं नाव आणि पुढं इनिशियल. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर तिसरंच काहीतरी. माझ्या आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचं होतं, एकात तर शेवटचं अक्षरच गायब. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, आणि बाकीच्यांसाठी नोटरीकडून "ही सगळी नावं एकाच व्यक्तीची" असं अफिडेव्हिट. पासपोर्टच अजून काढला नसेल तर आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका, पुढं जन्मभर डोकेदुखी.

दुसरं, गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. तुमचा जन्मदाखला, जुनी कार्डं एक नाव सांगतात, नवे कागद दुसरं. परदेशातल्या क्लार्कला ही दोन गावं वाटतात. मला एकीनं मेलवर विचारलं की तुमचा जन्म नक्की कुठल्या शहरात झाला. मी मनात म्हटलं, बाई, या प्रश्नावर आमच्याकडं साठ-सत्तर वर्षं मोर्चे निघूलालेत, तू एका ओळीत उत्तर मागूलालीस! पण उत्तर साधं द्यायचं, जुनं नाव आणि नवं नाव, शहर एकच. अफिडेव्हिटमध्ये ही ओळही घालून घ्या.

तिसरं, जुना जन्मदाखला हातानं लिहिलेला, फक्त कन्नडात असतो. नवीन प्रत काढून घ्या, कन्नड-इंग्लिश दोन्हीत मिळते. तरीही भाषांतर मागितलं तर कुणाचं चालेल ते त्या देशाच्या यादीत बघा, कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्याचं चालत नाही.

ट्रान्स्क्रिप्ट जाहिरात यायच्या आधीच काढून ठेवा. आपली टेक्निकल युनिव्हर्सिटी (व्हीटीयू) मच्छेलाच आहे, गुलबर्ग्याकडची पोरं रात्रभर बस करून येतात आणि आपण जेवून निघतो, याचा फायदा घ्या. माझं मात्र कॉलेजातच अडकलं होतं, कॉलेजचं नाव नको. "साहेब सुट्टीवर आहेत" हे मी चार वेळा ऐकलं, पाचव्यांदा डबा घेऊनच गेले आणि बाकावर बसून खाल्ला, मग सही झाली.

डिग्रीला अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) लागलं तर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा. याला आठवडे जातात. जागा मिळाल्यावर करू म्हणाल तर घाई होते.

७) सीव्ही, पत्र आणि मेल

सीव्ही दोन पानांत. वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालं का, फोटोखाली सही, हे सगळं काढा. पहिल्या पानावर तुमचं सर्च इंजिन, लिंकसकट.

मोटिव्हेशन लेटर एक पान. "लहानपणापासून मला कॉम्प्युटरची आवड" हे वाक्य लिहिलंत तर मला फोन करू नका. त्यांच्या जाहिरातीतला एक प्रश्न उचला, तुमच्या जेसीबीशी जोडा. प्रत्येक जागेला नवीन पत्र. मी पहिल्या सात ठिकाणी एकच पत्र पाठवलं होतं, एकात तर दुसऱ्याच युनिव्हर्सिटीचं नाव राहिलं होतं, मग उत्तर कुठून येणार.

प्रोफेसरला आधी मेल करायचा का? जाहिरातीत "प्रश्न असतील तर विचारा" म्हटलं असेल तर करा, पाच-सहा ओळी, एक खरा प्रश्न. 'रिस्पेक्टेड सर' नको, समोर बाई असेल तर अजूनच पंचाईत. नेदरलँड्स-स्वीडनकडं पहिल्या नावानं हाक मारतात, मला अजून जड जातं. अर्ज मात्र त्यांच्या पोर्टलवरूनच, मेलला जोडलेला अर्ज कुणी बघत नाही.

शिफारस देणाऱ्या सरांना आधी विचारा आणि काय बनवलं ते अर्ध्या पानात लिहून द्या. आपल्याकडं सर म्हणतात "तूच लिहून आण, मी सही करतो". ते टाळा, कारण बरेच ठिकाणी थेट सरांच्या मेलवर लिंक जाते, आणि सर ती स्पॅममध्ये ठेवून गावच्या यात्रेला निघून जातात. मुदतीच्या आधी आठवडाभर फोन करत राहा.

८) मुलाखत

ऑनलाईन असते, तीन-चार माणसं, दहा मिनिटं तुमचं बोलणं, मग प्रश्न. वेळ बघा, मध्य युरोप उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात मुलाखत असेल तर दोनदा तपासा.

माझ्या मुलाखतीत बाराव्या मिनिटाला लाईट गेली. फोनचं हॉटस्पॉट तयार ठेवलं होतं म्हणून वाचले. मुलाखतीला शक्यतो बेळगावात कुणाकडं तरी जा जिथं इन्व्हर्टर आहे, वाड्यावर, शेताजवळ बसून नेटवर्कची परीक्षा बघू नका.

त्यांनी विचारलेलं जसं आठवतंय तसं: हे चांगलं आहे हे कशावरून? उत्तरं ठरवणाऱ्यांचं जमलं नाही तर काय करशील? सहा महिन्यांत हा रस्ता बंद निघाला तर? मी जेसीबीचा फोटो दाखवला (काकांना विचारून), तिघंही हसले आणि पुढची पंधरा मिनिटं त्यावरच गेली. येत नसेल ते "येत नाही, पण असं शोधून काढेन" म्हणा. आपल्याकडं तोंडी परीक्षेत गप्प बसलं की मार्क जातात म्हणून आपण काहीतरी ठोकून देतो. तिथं ठोकाल तर तिसऱ्या प्रश्नाला पकडतात.

तुम्ही पण विचारा, शिकवायचं काम किती, परिषदेला जायचे पैसे कोण देतं, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले. आणि जमलं तर त्याच ग्रुपमधल्या एखाद्या विद्यार्थ्याशी एकटं बोला. प्रोफेसर कसा आहे ते तोच सांगेल, किंवा ज्या पद्धतीनं गप्प बसेल त्यावरून कळेल.

९) हो म्हटल्यावर

आधी करार वाचा, मग गावभर पेढे. नेदरलँड्ससारख्या ठिकाणी परवान्याचा अर्ज युनिव्हर्सिटीच करते, तुम्ही कागद पाठवायचे. व्हिसासाठी मात्र बेंगळुरूची फेरी पडू शकते, आदल्या रात्रीच्या रेल्वेनं जा, त्याच दिवशी पोचायच्या भरवशावर राहू नका. नोकरीवर हजर व्हायची तारीख व्हिसाच्या हिशोबानं पुढं मागून घ्या, देतात.

घरच्यांना समजावणं ही वेगळी पायरी आहे, तिला नंबर देता येत नाही. आई म्हणाली, "एमटेक झालं की, अजून किती शिकूलालीस गं?" पगाराचं पत्र कन्नड येणाऱ्या शेजारच्या काकूंना दाखवून आली, त्यांनी मान डोलावली, मग तिला पटलं. इंग्लिश दोघींनाही येत नाही.

सामानात कुंदा नेणाऱ्यांसाठी शेवटचं. बाहेरून युरोपियन युनियनमध्ये दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. कुंदा मिठाईत धरायचा का दुधात, हे कस्टमवाल्याला रात्री अकराला समजावत उभं राहायचं नसेल तर तो सांबऱ्याच्या विमानतळावरच संपवा. शेंगाची चटणी न्या, दोन किलो, डबल पिशवीत, आणि वर तेलाचा डाग पडू नये म्हणून डिग्रीची फाईल दुसऱ्या बॅगेत.